आधी राहण्याचा हक्क, मग दुकान

पत्र: मी ३६ वर्षांची, पुण्यात राहते. गेली सहा वर्षं घरून फराळ, पुरणपोळ्या, गोडा मसाला आणि लोणच्यांच्या ऑर्डरी घेते. नवरा ३८ वर्षांचा, बी. ई., पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. जपानी क्लायंटमुळे त्याची जपानी भाषेची एन-४ परीक्षा झाली आहे. दोघांनाही आता ही चाकोरी नकोशी झाली आहे. टोकियोत निशी-कासाई भागात छोटं मराठी खाण्याचं दुकान काढायचं, सगळ्या घराने मिळून चालवायचं, असं ठरवलं आहे. एजंट म्हणतो, ५० लाख येन भांडवल दाखवलं की व्हिसा होतो. कोथरूडचा फ्लॅट विकून १ कोटी ३५ लाख येतील, ३० लाखांच्या ठेवी आहेत, दीर २० लाख घालायला तयार आहेत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, सासरे ७२ वर्षांचे. मार्चमध्ये राजीनामा द्यायचा विचार आहे. चुकतंय का कुठे? आणि माझा मसाल्याचा मोठा मिक्सर सोबत नेता येईल का? (नाव न छापण्याच्या अटीवर, पुणे)

ताई, नमस्कार.

राजीनामा देऊ नका आणि फ्लॅटचा विसारही घेऊ नका. दुकान काढू नका असं आमचं म्हणणं नाही. दुकान निघू शकतं, चालूही शकतं. पण तुम्ही ठरवलेला क्रम उलटा आहे, आणि त्याच उलट्या क्रमात तुमचे सगळे पैसे अडकतील.

एजंटने सांगितलेला ५० लाख येनचा नियम आता राहिलेला नाही. जपानच्या ज्या व्हिसावर परदेशी माणूस स्वतःची कंपनी चालवतो, त्या ‘केइएइ-कानरी’ व्हिसाच्या अटी १६ ऑक्टोबर २०२५ पासून बदलल्या. पूर्वी ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी चालत. आता कंपनीचं भांडवल किमान ३ कोटी येन हवं, आणि त्याबरोबर एक पूर्णवेळ कर्मचारीही हवा. हा कर्मचारी जपानी नागरिक, कायम रहिवासी, त्यांचा जोडीदार किंवा दीर्घकालीन रहिवासी असाच लागतो. कामाच्या व्हिसावर आलेला भारतीय किंवा नेपाळी माणूस या मोजणीत धरत नाहीत. शिवाय अर्जदाराला किंवा पूर्णवेळ कर्मचाऱ्याला एन-२ च्या, म्हणजे एन-४ हून दोन पायऱ्या वरच्या परीक्षेच्या तोडीचं जपानी यायला हवं, अर्जदाराकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा विषयाशी संबंधित पदव्युत्तर पदवी हवी, आणि व्यवसायाचा आराखडा तिथल्या सनदी लेखापालाने, कर सल्लागाराने किंवा लघुउद्योग सल्लागाराने तपासलेला हवा. राहत्या घराचा पत्ता कार्यालय म्हणून साधारणपणे मान्य होत नाही.

यातली अनुभवाची अट तुम्हाला सगळ्यात जास्त अडेल. सहा वर्षं तुम्ही खरोखर धंदा केला आहे, पण तो कागदावर आहे का? अन्नपरवाना, उद्यम नोंदणी, विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न, बँकेत जमा झालेले ऑर्डरींचे पैसे, यातलं जे असेल ते काढून ठेवा. नसेल तर आजपासून सुरू करा. रोखीतला आणि फोनवरच्या ऑर्डरींचा धंदा तिथल्या इमिग्रेशनच्या टेबलावर शून्य धरला जातो.

आता पैशाचं बघू. येनचा भाव ५८ पैशांच्या आसपास धरला तर ३ कोटी येन म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या जवळ. तुमचे फ्लॅट, ठेवी आणि दिरांचे मिळून होतात १ कोटी ८५ लाख. म्हणजे कागदावर पैसे पुरतात, आणि धोका नेमका इथेच आहे. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, ती मर्यादा आड येत नाही. पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. एकाच माणसाने पावणेदोन कोटी पाठवले तर हे होतात ३३ लाख रुपये. हा कर बुडत नाही. विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पगारदार असेल तर पगारावरच्या टीडीएसमध्येही वळता करून घेता येतो. पण तो परत येईपर्यंतचे महिने ते ३३ लाख तुमच्या हातात नसतात, आणि त्याच महिन्यांत तुम्हाला तिकडे दुकानाची अनामत आणि घराचं भाडं भरायचं असतं. तिघांनी आपापल्या नावाने पाठवलं तर प्रत्येकाचे १० लाख सुटतात, म्हणजे टीसीएस फार तर चार लाखांनी कमी होतो. फ्लॅट विकल्यावरचा भांडवली नफ्याचा करही यातूनच जायचा आहे.

स्वतःच्या परदेशी कंपनीच्या समभागांसाठी पाठवलेला पैसा हा साधा गिफ्ट किंवा खर्चाचा पैसा नसतो. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, २०२२ च्या नियमांनुसार ती परदेशातली थेट गुंतवणूक ठरते. त्यासाठी बँकेमार्फत एफसी फॉर्म भरावा लागतो, पैसे जाण्याआधी रिझर्व्ह बँकेचा यूआयएन क्रमांक मिळवावा लागतो, सहा महिन्यांत समभागांचा पुरावा द्यावा लागतो, आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. दिरांचे २० लाख ‘घरातलेच आहेत’ म्हणून तुमच्या नावाने पाठवलेत, तर पुढे समभाग कोणाचे यावर घरात वाद आणि बँकेत प्रश्न, दोन्ही उभे राहतील. त्यांचा पैसा भागीदारीचा आहे की उसना, हे आजच एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. भावाभावांमध्ये असा कागद करायला संकोच वाटतो हे समजतं, पण धंदा तोट्यात असताना तो करणं त्याहून अवघड जातं.

कुणी तुम्हाला सांगेल की ३ कोटी महिनाभरासाठी खात्यात फिरवून देतो, किंवा एखाद्या जपानी माणसाचं नाव कर्मचारी म्हणून लावून देतो. त्याच्याशी पुढे बोलूच नका. भांडवल कुठून आलं याचा माग विक्रीखतापासून खात्यापर्यंत दाखवावा लागतो, आणि कर्मचाऱ्याचे पगार व विमा नूतनीकरणाच्या वेळी तपासतात. एकदा खोटं निघालं की पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली राहते. दुसरीकडे एक गैरसमजही दूर करायला हवा. हे ३ कोटी खात्यात गोठवून ठेवायचे नसतात. दुकानाची अनामत, भट्टी, फ्रीज, पगार यांवर ते रीतसर खर्च करता येतात.

समजा हे सगळं जमवलंत. तरी या वाटेने काढलेलं दुकान महिन्याला किती ओझं वाहतं ते बघा. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२६ येन आहे. पूर्णवेळ माणसाचे महिन्याला साधारण १७३ तास धरले तर २ लाख १२ हजार, त्यावर मालकाच्या वाट्याचा विमा आणि पेन्शन साधारण १५ टक्के, म्हणजे अडीच लाखांच्या जवळ. कंपनीकडून तुम्ही घ्यायचं मानधन ३ लाख आणि त्याचा विमा ४५ हजार. हे मानधन आर्थिक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ठरवावं लागतं. मंदी आली म्हणून मध्येच खालीवर केलं तर करात अडचण येते. दुकानभाडं २ लाख, वीज-गॅस-पाणी लाखभर. असे झाले जवळजवळ ९ लाख येन, पहिला ग्राहक यायच्या आत. कच्च्या मालाला विक्रीचे ३० टक्के जातात असं धरलं, तर नुसतं तरायला महिन्याला १२ लाख ९० हजारांची निव्वळ विक्री हवी. हजार येनच्या ताटातले ९१ येन कराचे असतात, तुमच्या हाती ९०९. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज ५७ ताटं. चौदा खुर्च्यांच्या दुकानात प्रत्येक खुर्ची दिवसातून चार वेळा भरायला हवी, पावसातही आणि ऑगस्टच्या उकाड्यातही.

भांडवल १ कोटी येनच्या वर गेलं की आणखी दोन गोष्टी होतात, आणि त्या एजंट सांगत नाहीत. लहान कंपनीला पहिली दोन वर्षं सहसा कंझम्प्शन टॅक्समधून सूट मिळते. १ कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या कंपनीला ती मिळत नाही, पहिल्या दिवसापासून कर लागू होतो. आणि टोकियोच्या २३ वॉर्डांत, कंपनी तोट्यात असली तरी दरवर्षी भरावा लागणारा ठोक रहिवासी कर ७० हजारांऐवजी १ लाख ८० हजार येन होतो.

शेवटची अडचण थेट तुमच्या हातांची आहे. हा व्हिसा धंदा चालवणाऱ्यासाठी आहे, स्वयंपाक करणाऱ्यासाठी नाही. तुम्ही दिवसभर कढईसमोर उभ्या राहिलात आणि तेच तुमचं मुख्य काम दिसलं, तर नूतनीकरणात प्रश्न येतो. मग आचारी आणायचा, तर त्याच्या व्हिसाला त्या पाककलेतला दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. ज्या दुकानाचा जीवच तुमच्या हाताच्या चवीत आहे, ते दुकान तुम्हीच शिजवू शकत नाही अशा परवान्यावर उभं करायचं, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून दुसरी वाट. ज्या नोकरीला तुम्ही दोघं कंटाळला आहात, तीच तुम्हाला तिथे पोहोचवेल. नवऱ्याने जपानमध्ये नोकरी धरायची, कुटुंबाने त्याच्याबरोबर जायचं, कायम वास्तव्याचा हक्क मिळवायचा, आणि मग दुकान. कायम रहिवाशाला आणि त्याच्या जोडीदाराला काय काम करावं याचं बंधन नसतं. ३ कोटींची अट नाही, सक्तीचा कर्मचारी नाही, एन-२ नाही, आणि तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतः पोळ्या लाटल्यात तरी कोणी विचारत नाही. कंपनीसुद्धा काढावी लागत नाही, स्वतःच्या नावावर दुकान उघडता येतं. आणखी एक मोठा फायदा म्हणजे तिथे कमावलेले येन तिथेच घालायचे, त्यामुळे बाहेर पैसे पाठवण्याची ती अडीच लाख डॉलरची योजना (एलआरएस) नाही आणि टीसीएसही नाही.

कायम वास्तव्याला साधारणपणे दहा वर्षं लागतात. पण जपानमध्ये उच्च कौशल्याच्या लोकांसाठी गुणांची पद्धत आहे. ७० गुण असतील तर तीन वर्षांत अर्ज करता येतो, ८० असतील तर एका वर्षात. तुमच्या नवऱ्याचे गुण आम्ही मांडून बघितले. पदवीचे १०, दहा वर्षांहून जास्त अनुभवाचे २०, वय ३५ ते ३९ मध्ये असल्याचे ५, आणि वार्षिक पगार ८० लाख येन असला तर त्याचे ३०. एकूण ६५. इथे पाच गुण कमी पडतात. एन-२ चे १० मिळाले की होतात ७५. चाळिशी उलटल्यावर वयाचे ५ जातात, तरी ७० उरतात, म्हणजे काठावर पण आत.

यात दोन खाचा आहेत. पहिली पगाराची. चाळिशीच्या आत ७० लाख येन पगारालाही २५ गुण मिळतात, पण चाळिशीनंतर ८० लाखांच्या खाली पगाराचा एकही गुण मिळत नाही. नवरा ३८ चा आहे, म्हणून पगार ठरवताना ८० लाखांच्या आकड्यावर अडून बसायचं. बोनस धरून वार्षिक आकडा कराराच्या कागदावर आला पाहिजे. दुसरी खाच वेळेची. गुण अर्जाच्या दिवशी आणि त्याच्या तीन वर्षं आधी, दोन्ही वेळा ७० भरावे लागतात. ६५ गुणांवर गेलात आणि एन-२ तिथे जाऊन दोन वर्षांनी झाली, तर तीन वर्षांची मोजणी त्यानंतर सुरू होते. म्हणून एन-२ विमानात बसण्याआधी हातात हवी. ही भाषेची परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, वर्षातून दोनदा होते, जुलैत आणि डिसेंबरमध्ये, आणि पुणे हे परीक्षेचं केंद्र आहे. एन-४ वरून एन-२ ला नोकरी सांभाळून दीड वर्ष तरी धरा, आठवड्याला दहा-बारा तास. नवशिके बहुतेक कांजी पाठ करण्यात अडकतात आणि श्रवणाच्या भागात मार खातात. रोज अर्धा तास नुसतं ऐकायला ठेवा. पुण्यासारखी जपानी शिकवण्याची जुनी परंपरा भारतात फार थोड्या शहरांत आहे. ती दाराशी असताना टोकियोत जाऊन महागडी शिकवणी लावायचं काही कारण नाही.

तिथे गेल्यावर एक गोष्ट मोडू देऊ नका. कायम वास्तव्याच्या अर्जात कर, आरोग्य विमा आणि पेन्शन भरले का एवढंच बघत नाहीत, वेळेवर भरले का तेही बघतात. पगारातून कापलं जात असतं तोवर चिंता नसते. नोकरी बदलताना मध्ये महिना-दोन महिने मोकळे गेले की त्या काळाची पावती घरी येते, ती कुणाच्या लक्षात राहत नाही आणि तिथेच अर्ज अडकतो. रहिवासी कर, म्हणजे ‘जूमिनझेइ’, आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर पुढच्या जूनपासून सुरू होतो. पहिल्या वर्षी हातात जास्त पगार येतो, दुसऱ्या वर्षी अचानक कमी येतो. घरखर्च पहिल्यापासूनच दुसऱ्या वर्षाच्या पगारावर बेता. हे सगळे नियम सध्या वरचेवर बदलत आहेत, म्हणून प्रत्येक अर्जाआधी इमिग्रेशनच्या कामाचा परवानाधारक सल्लागार, ज्याला तिथे ‘ग्योसेइ-शोशी’ म्हणतात, त्याच्याकडून त्या दिवशीचा नियम लेखी घ्या.

ही तीन वर्षं तुम्ही वाट बघत बसायचं नाही. आश्रित व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत नोकरी करता येते. ही परवानगी नोकरीसाठी असते. तिच्या जोरावर स्वतःचं दुकान चालवता येईल असं धरून चालू नका. एखाद्या जपानी उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरा, भारतीय नको. भांडी कुठल्या क्रमाने धुतात, फ्रीजचं तापमान कोण लिहितं, माल किती वाजता येतो, उरलेल्याचं काय करतात, हे तिथे रोज डोळ्यांसमोर दिसेल. शिवाय दुकानात लागणारं जपानी पुस्तकात नसतं, ते तिथे कानावर पडतं.

पुढे दुकान घ्यायची वेळ येईल तेव्हा भाड्याच्या आधी एक शब्द विचारा, ‘जू-इनशोकु’. ज्या खाण्यात तेल, धूर आणि वास जास्त, त्याला घरमालक या नावाने ओळखतात, आणि करी त्यात येते. आपली मोहरी-हिंगाची फोडणी वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या कपड्यांपर्यंत पोहोचते. करारात जू-इनशोकु चालेल असं लिहिलेलं नसेल तर जागा कितीही स्वस्त असली तरी सोडा. धुराडं छतापर्यंत नेलेलं आहे का ते वर जाऊन बघा. नवं धुराडं टाकायला लागलं तर बजेट तिथेच कोसळतं. आधीच्या खाणावळीचं सामान तसंच असलेली जागा मिळते, तिला ‘इनुकि’ म्हणतात. तशीच घ्या, पण फ्रीज आणि वातानुकूलन यंत्र चालू करून बघितल्याशिवाय सामानाचे पैसे देऊ नका, आणि सोडताना जागा मोकळी करून द्यायची जबाबदारी कोणाची हे वाचून घ्या. अनामत सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात. क्षेत्रफळ ‘त्सुबो’त सांगतात, एक त्सुबो म्हणजे साधारण साडेपस्तीस चौरस फूट. दहा त्सुबोत चौदा खुर्च्या बसतात.

बांधकामाला हात लावण्याआधी नकाशा घेऊन ‘होकेन्जो’त, म्हणजे वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात जा. हे न करणाऱ्यांना पाइप पुन्हा फोडावे लागतात. स्वयंपाकघरात हात धुण्याचं वेगळं भांडं हवं, आणि जून २०२१ च्या नियमांनंतर त्याचा नळ धुतलेल्या हाताने पुन्हा पिळावा लागणार नाही असा हवा, म्हणजे लांब दांड्याचा किंवा आपोआप चालणारा. स्वयंपाकघर आणि ग्राहकांची जागा यांत दार किंवा अडसर हवा, भांड्यांच्या कपाटाला दारं हवीत, फ्रीजला तापमापक हवा. दुकानात एक अन्नस्वच्छता जबाबदार व्यक्ती लागते. त्याचं प्रशिक्षण एका दिवसाचं, पण जपानीत. कर्मचारी धरून ३० किंवा त्याहून जास्त माणसांची क्षमता झाली तर अग्निसुरक्षा व्यवस्थापकही लागतो. चौदा खुर्च्यांत तो प्रश्न येत नाही. अग्निशामक नळकांडं मात्र ऑक्टोबर २०१९ पासून विस्तव वापरणाऱ्या लहान खाणावळींनाही सक्तीचं आहे. २०१६ साली इतोइगावा शहरात एका रामेनच्या दुकानातून लागलेली आग पसरून मोठं नुकसान झालं, त्यानंतरचा हा नियम.

तुमच्या लोणच्याविषयी आणि फराळाविषयी वेगळं सांगायला हवं, कारण तुमचा मूळ धंदा तोच आहे. उपाहारगृहाचा परवाना ताटात वाढलेल्या लोणच्यापुरता पुरतो. तेच लोणचं बाटलीत भरून विकलंत तर लोणची बनवण्याचा वेगळा परवाना लागतो, आणि करंज्या-शंकरपाळ्या पाकिटात घालून विकायच्या तर मिठाई बनवण्याचा आणखी एक. पाकिटावर जपानीत घटक, मुदत आणि अॅलर्जीचे पदार्थ छापावे लागतात. गहू, दूध, शेंगदाणा आणि अक्रोड सक्तीच्या यादीत आहेत. चिवड्यातला शेंगदाणा लिहायचा राहिला तर पूर्ण माल परत मागवावा लागतो. मसाले इथून सामानात भरून नेऊन विकता येत नाहीत. विक्रीच्या प्रत्येक मालाची आयात-सूचना द्यावी लागते, आणि लाल मिरची किंवा शेंगदाण्यात अॅफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, किलोमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं तर माल बंदरावरच अडतो. पहिली दोन वर्षं तिथल्या आयातदाराकडून अख्खे मसाले घ्या आणि तुम्ही स्वतः भाजून दळा.

तांदळाची काळजी करू नका. बासमतीच्या मागे लागू नका. कोट्याबाहेरच्या आयात तांदळावर किलोमागे ३४१ येन शुल्क आहे, तो खर्च ताटावर येतो. जपानी तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखाच आखूड आणि चिकट. वरण-भात, तूप, लिंबू यांना तो बासमतीपेक्षा जास्त साजतो. नान आणि बटर चिकनची दुकानं जपानभर आहेत, बरीचशी नेपाळी लोक चालवतात, आणि दुपारच्या ताटाच्या भावात त्यांच्याशी कोणी टिकत नाही. तुम्ही त्या वाटेला जाऊच नका. थालीपीठ, मिसळ, वरण-भात, पिठलं हे तिथे दुर्मिळ आहे. मिसळीची तर्री मात्र सिंकमध्ये ओतू नका. ती गार होऊन ग्रीस ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीत, थरावर थर बसते आणि तुंबते. तव्याची आणि भांड्याची तर्री आधी कागदाने पुसायची, मग धुवायची, आणि ट्रॅपची जाळी रोज रात्री रिकामी करायची.

हक्क मिळाल्यावरही लगेच दुकान भाड्याने घेऊ नका. संध्याकाळी उघडणारा एखादा बार दुपारी बंद असतो, त्याचं स्वयंपाकघर आठवड्यातून दोन दुपारी भाड्याने मिळतं. याला ‘मगारी’ म्हणतात, आणि करीवाल्यांमध्ये ही पद्धत चांगली रुजलेली आहे. परवाना कोणाच्या नावाचा आणि जबाबदारी कोणाची हे होकेन्जोत विचारून घ्या. सहा महिने तिथे दर दुपारी चाळीस ताटं विकून बघा. उरलेल्या पदार्थांची रोज नोंद ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत ओळखीचे मराठी लोक येतात आणि धंदा झालाच असं वाटतं. तिसऱ्या महिन्यापासून कोण येतं त्यावर ठरवा. निशी-कासाईत आपली वस्ती जुनी आहे. योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या एडोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. पण रोजचा गल्ला जपानी गिऱ्हाइकावरच चालतो. तिथे काउंटरवर प्रत्येकाला ‘इथेच खाणार की घेऊन जाणार’ विचारावं लागतं. बसून खाल्लं तर १० टक्के कर, नेलं तर ८.

मुलीचं वय मात्र या सगळ्याला घाई लावतं. जपानमध्ये बाराव्या वर्षी माध्यमिक शाळा सुरू होते आणि पंधराव्या वर्षी पुढच्या शाळेची प्रवेश परीक्षा असते. सरकारी शाळेत परदेशी मुलांनाही शिकवण्याचं शुल्क नाही, पण साडेबाराव्या वर्षी शून्य जपानीवर थेट माध्यमिकमध्ये बसवणं हे मुलीवर अवघड ओझं आहे. टोकियोच्या पूर्व भागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, त्यांचं शुल्क नवऱ्याच्या पगाराच्या गणितात पहिल्यापासून धरा. किंवा आतापासून तिलाही भाषेच्या वर्गाला घाला. सहा वर्षांचा धाकटा वर्षभरात बोलायला लागेल. तिच्याशी या बेताबद्दल बोलणं झालं आहे का? पत्रात ते दिसलं नाही. आजच बोला.

सासऱ्यांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण हे उशिरा कळलं तर फार त्रास होतो. आईवडिलांना आश्रित व्हिसा मिळत नाही. ते ९० दिवसांपर्यंतच्या भेटीला येऊ शकतात, कायम राहायला नाही. उच्च कौशल्याच्या व्हिसात एक सवलत आहे, पण ती सात वर्षांखालच्या मुलाच्या सांभाळापुरती आणि उत्पन्नाच्या अटीवर. तुमचा मुलगा तोवर सात ओलांडेल. म्हणून त्यांच्यासाठी पुण्यातलं घर राहणं गरजेचं आहे, आणि फ्लॅट न विकण्याचं हे आमच्या लेखी सगळ्यात मोठं कारण आहे. दीर पैसे द्यायला तयार आहेत, तर त्यांना विचारा की पैशांऐवजी वडिलांची जबाबदारी घेतील का. ती मदत २० लाखांहून मोठी ठरेल.

निघताना बँकेला कळवून बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाची रुपयांतली खाती, करून घ्या. फ्लॅट पुढे कधी विकायचाच झाला, तर २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के कराचा पर्याय फक्त निवासी भारतीयाला मिळतो, एनआरआय झाल्यावर नाही. खरेदीची किंमत काढून, निवासी असताना विकलं तर किती कर आणि एनआरआय झाल्यावर किती, हे दोन्ही आकडे आत्ताच एकदा कर सल्लागाराकडून मांडून घ्या.

आता मिक्सर. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तुमचा मिक्सर तिथे थेट लावला तर घरघर करेल, पण खोबरं वाटलं जाणार नाही. व्होल्ट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मोटर सुरू होताना जास्त ओढते म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला १,५०० व्हीएचा तरी घ्या. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह चालू ठेवू नका. भिंतीतलं एक सॉकेट साधारण १,५०० वॉटच झेलतं, आणि सर्किटवर भार जास्त झाला तर बटण पडेल. टोकियोचा पुरवठा ५० हर्ट्झचा, आपल्यासारखाच, त्यामुळे त्याची अडचण नाही. ओसाकाकडे गेलात तर ६० हर्ट्झ. घरी वापरायला एक मिक्सर न्या, सोबत भांड्यांची जादा पाती आणि खालचे कपलर चार-पाच न्या, ते तिथे सहज मिळत नाहीत. मोठा कांडपाचा मिक्सर मात्र सध्या पुण्यातच राहू दे.